उन्हात गेलं की पुरळ आणि खाज: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की मेडिकलच्या काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर एकाच छापाचे फोटो यायला लागतात. मान, हात, गळ्याचा पुढचा भाग, त्यावर बारीक पुरळ आणि खाली "ताई हे काय आहे". प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकलंय. मी फार्मासिस्ट आहे, स्किनची डॉक्टर नाही, त्यामुळे कुठल्याही गोळीचा डोस इथे शोधू नका, तो मिळणार नाही. बाकी जे रोज विचारलं जातं ते सगळं आहे.

1. उन्हात गेलं की मानेला आणि हाताला पुरळ येऊन भयंकर खाज सुटते. हे नक्की काय असतं?

बहुतेक वेळा हे पॉलीमॉर्फस लाइट इरप्शन असतं, डॉक्टर केसपेपरवर पीएमएलई लिहितात. उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या आजारांत सगळ्यात कॉमन हाच. उन्हात जाऊन आलं की लगेच काही होत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उघड्या भागावर खसखशीएवढे दाणे उठतात, कुणाला चट्टे येतात, खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. पुन्हा उन्हात गेलं नाही तर चार-आठ दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उतरतं आणि व्रण राहत नाही. बायकांमध्ये जास्त दिसतं, सुरुवात साधारण विशी-तिशीत होते. संसर्गजन्य अजिबात नाही, टॉवेल वेगळा करायची गरज नाही. हो, हेही लोक विचारतात.

2. मग घामोळं कशावरून नाही? घरच्या घरी कसं ओळखायचं?

जागा बघा. घामोळं येतं जिथे घाम साचतो आणि कपडा घासतो तिथे, म्हणजे पाठ, पोट, छातीखाली, काखेजवळ. उन्हाचं पुरळ येतं उघड्या भागावर, म्हणजे मानेची मागची बाजू, गळ्याचा व्ही, हाताची वरची बाजू, पायाचा पंजा. ब्लाऊजची किंवा टी-शर्टची कड जिथे संपते बरोब्बर तिथे पुरळ थांबतं, घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी स्वच्छ असते, हनुवटीखाली आणि कानामागे काही नसतं. आरशासमोर उभं राहून एवढं बघितलं तरी अर्धं निदान होतं.

चेहऱ्यावर कमी आणि हातावर जास्त असं दिसलं तर गोंधळू नका. चेहरा बारा महिने उन्हात असतो, त्याला सवय झालेली असते. ही सवय काय भानगड आहे ते प्रश्न 4 मध्ये.

3. लहानपणापासून उन्हातच वाढलो, मग हे आता तिशीत का सुरू झालं?

उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरले की तिथल्या काही घटकांमध्ये बदल होतो. हे सगळ्यांच्याच कातडीत होतं. बाकीच्यांच्या शरीरात उन्हामुळे कातडीतली प्रतिकारशक्ती थोडा वेळ मंदावते, त्यामुळे त्या बदललेल्या घटकांकडे ती दुर्लक्ष करते. पीएमएलई असलेल्यांमध्ये ती पुरेशी मंदावतच नाही, त्यामुळे ती त्या घटकांना परकं समजून हल्ला करते आणि त्याचं पुरळ दिसतं. हे घडायला वेळ लागतो म्हणूनच पुरळ काही तासांनी येतं. घरात आई-मावशीला असेल तर शक्यता वाढते. "रक्त अशुद्ध झालंय" वगैरे काही नाही, त्यामुळे रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

4. मे मध्ये तर ऊन जास्त, तरी मला मार्चमध्येच का होतं? उलट मे मध्ये कमी होतं.

कारण कातडी उन्हाला हळूहळू सरावते. हिवाळ्यात स्वेटर, पूर्ण बाही, उन्हाचा कोनही तिरका. मग होळीच्या आसपास एकदम ऊन कडक होतं, कातडी बेसावध असते, पुरळ येतं. थोडं थोडं ऊन लागत गेलं की वरचा थर जाड होतो, रंग गडद होतो, प्रतिकारशक्तीही शांत होते, आणि मे पर्यंत बऱ्याच जणांचा त्रास उतरणीला लागतो. डॉक्टर याला हार्डनिंग म्हणतात.

आपल्याकडे दुसरी लाट पावसाळा संपताना येते, सप्टेंबर-ऑक्टोबरात. दोन-तीन महिने ढग आणि नंतर एकदम ऑक्टोबर हीट. माझ्याकडे खाजेवर लावायचं कॅलामाइन लोशन वर्षातून दोनदा जोरात खपतं, ते याच दोन वेळांना. तुमचं कॅलेंडर एकदा लक्षात आलं की तयारी आधी करता येते, आणि माझ्या मते या आजारात सगळ्यात जास्त फायदा कशाचा होत असेल तर याचाच.

5. हे कायमचं बरं होतं का? खरं काय ते सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एका सीझनमध्ये, एका ट्यूबमध्ये संपणारा हा आजार नाही, दर वर्षी थोडाफार येतो असं धरून चालायचं. पण वर्षं जातात तशी धार कमी होते, आणि हे नुसतं धीर द्यायला सांगत नाहीये. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी याच आजाराच्या पेशंटवर खूप लांबपर्यंत लक्ष ठेवलं होतं. 1984 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात 114 जण होते, सात वर्षांत 57 टक्के लोकांचा त्रास कमी झाला होता, त्यातच 11 टक्क्यांचा पूर्ण गेला होता. 1998 मध्ये त्यांनी 94 जणांची पुन्हा माहिती छापली, आजार सुरू होऊन सरासरी 32 वर्षं झालेली. साधारण चौथ्या हिश्श्याचा आजार गेला होता, निम्म्यांचा सौम्य झाला होता, आणि उरलेल्या चौथ्या हिश्श्याचा होता तसाच किंवा जास्त.

फिनलंडचं ऊन वेगळं आणि आपलं वेगळं हे खरंय, तिथे उन्हाळाच मुळात छोटा. पण आजाराची चाल कळायला हे आकडे उपयोगी आहेत. आज पंचविशीत असाल तर पन्नाशीत हा त्रास आजइतका नसण्याची शक्यता चांगली आहे. आणि तोपर्यंत दर मार्चला जो त्रास होतो त्यातला बराचसा टाळता येतो. "मुळापासून बरं करतो, गॅरंटी" म्हणणारा कुणी भेटला तर खिसा सांभाळा.

6. याचं पुढे कॅन्सर होतो का? आणि नेटवर वाचलं ल्युपस पण होतो, खूप टेन्शन आलंय.

कॅन्सर नाही. पीएमएलईमुळे कातडीचा कॅन्सर होत नाही.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार, त्याचं थोडं नीट सांगावं लागेल. साध्या पीएमएलईचं ल्युपसमध्ये रूपांतर होणं हा नेहमीचा मार्ग नाही, वरच्या दीर्घ अभ्यासातही तसं एखाद-दुसऱ्यालाच झालेलं. अडचण वेगळी आहे. ल्युपसची सुरुवातही उन्हाच्या पुरळानेच होऊ शकते, म्हणून पहिल्याच वेळी दोन्हीतला फरक बघून घ्यायचा. गालांवर आणि नाकावर लाली जी आठवडेच्या आठवडे हलत नाही, सांधे दुखणं-सुजणं, तोंडात वारंवार फोड, खूप केस गळणं, कारण नसताना ताप, प्रचंड थकवा, यातलं काही असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे. त्या अभ्यासात थायरॉइडचे आणि इतर ऑटोइम्यून (असेच प्रतिकारशक्ती उलटणारे) आजारही काही जणांत सापडले होते, त्यामुळे वजन, पाळी यात गडबड वाटत असेल तर थायरॉइड तपासून घ्यायला हरकत नाही.

7. कोणत्या टेस्ट कराव्या लागतात? बाराशे-पंधराशेचं पॅकेज सांगतात.

पॅकेजची गरज नसते. बहुतेकदा डॉक्टर नुसतं बघून आणि चार प्रश्न विचारून ओळखतात. शंका असेल तर एएनए नावाची रक्ताची टेस्ट ल्युपससाठी, कधी कातडीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी. ठराविक किरण पाठीवर देऊन बघायची फोटोटेस्टिंग मोठ्या सेंटरलाच होते, ती सगळ्यांना लागत नाही.

एक काम मात्र तुम्ही करा. पुरळ पूर्ण भरात असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारीख आणि किती वेळ उन्हात होतात तेही लिहा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पुरळ उतरलेलं असतं आणि डॉक्टरना दाखवायला काहीच उरत नाही, हे दर सीझनला होतं.

8. आत्ता खाज सहन होत नाहीये, काय करू?

सावलीत या. गार पाण्यात भिजवलेला सुती कपडा दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वरून कॅलामाइन लावा. खाजेची ॲलर्जीची गोळी मिळते, तिने झोप लागते, पुरळ तिच्यामुळे लवकर जातं असं नाही. काहींना गोळीने दिवसा पेंग येते, गाडी चालवत असाल तर विचारून घ्या. पुरळ जास्त असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड क्रीम देतात, फारच भडकलं तर काही दिवस पोटातून.

घरगुतीमध्ये कोरफडीचा गर, चंदन, आमसुलाचं पाणी, याने गार वाटत असेल तर करा, फक्त आधी मनगटाच्या आत थोडं लावून बघा. लिंबू मात्र चोळू नका. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. "नैसर्गिक आहे" म्हणून लावलेल्या लिंबाने मूळ पुरळापेक्षा जास्त नुकसान झालेलं मी बघितलंय.

9. शेजारच्या काकूंनी एक ट्यूब दिली, दोन दिवसांत साफ जातं. तीच लावत राहू का?

नाव पाठवा आधी. दहापैकी नऊ वेळा ती मिक्स क्रीम असते, म्हणजे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकातच. त्यातलं स्टेरॉइड पुरळ दाबतं म्हणून जादू वाटते. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, चेहऱ्यावर लावली तर पिंपल, केस आणि लाली येते, आणि बंद केली की चेहरा भडकतो, मग माणूस घाबरून पुन्हा लावतो. त्यातून उन्हाचा त्रास उलट वाढतो, कारण पातळ कातडी ऊन अजिबातच सोसत नाही. गजकर्णावर लावली तर ते रूप बदलून पसरतं.

ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. तरी काउंटरवर रोज भांडण होतं, "पलीकडच्या मेडिकलमध्ये देतात" म्हणून. देत असतील, मी देत नाही.

10. सनस्क्रीन लावते तरी होतं. कंपनी बदलू का?

कंपनीच्या आधी किती लावता ते सांगा. 50 ग्रॅमची ट्यूब चार महिने पुरली म्हणणाऱ्या ताई जेव्हा "काही उपयोग नाही" म्हणतात तेव्हा हिशोब तिथेच कळतो. चेहरा आणि मान मिळून पहिल्या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, एवढं लागतं. दोन्ही हात, मानेची मागची बाजू, पायाचे पंजे वेगळे. घरातून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला की पुन्हा.

दुसरी गोष्ट, अतिनील (यूव्ही) किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. पाकिटावरचा एसपीएफ आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, ज्याने कातडी भाजते. हे पुरळ मात्र बहुतांश लोकांत यूव्हीएने उठतं. म्हणून एसपीएफ 50 बघून खुश न होता यूव्हीएपासूनचं संरक्षण सांगणाऱ्या पीए या अक्षरांपुढे किती प्लस आहेत ते बघा, तीन-चार असतील तर बरं, किंवा ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलंय का ते बघा. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडवाली पांढरट दिसतात पण नाजूक कातडीला सोसतात. आणि एवढं करूनही क्रीम ही दुसरी फळी आहे, पहिली कपडा आणि वेळ.

वेळेचं सोपं गणित, तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन जोरात आहे. नाशिकला एप्रिल-मे मध्ये निरभ्र दुपारी यूव्ही इंडेक्स अकराच्या वर जातो, म्हणजे मोजपट्टीच्या सगळ्यात वरच्या गटात. आपल्याकडे संध्याकाळी हवा गार होते म्हणून "नाशिकचं ऊन लागत नाही" असं वाटतं, पण गरमीचा आणि यूव्हीचा संबंध नाही.

11. स्कार्फ, सनकोट सगळं घालून स्कूटीवर जाते तरी हातावर येतंच, असं कसं?

कपडा ट्यूबलाइटसमोर धरून बघा. आरपार उजेड दिसला तर ऊनही आरपार जातंय. पातळ पांढरा सुती सनकोट किंवा जॉर्जेटची ओढणी फार कमी अडवते, आणि घामाने ओली झाली की अजूनच कमी. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल कपडा चांगला, डेनिम तर उत्तमच पण एप्रिलमध्ये कोण घालणार. हँडल धरल्यावर बाही वर सरकते आणि मनगट ते बोटं उघडी राहतात, फोटोत बहुतेकींचं पुरळ नेमकं तिथेच असतं. ग्लोव्हज घाला. स्कार्फ बांधताना मानेची मागची बाजू झाकली जातेय का तेही कुणाला तरी बघायला सांगा.

12. मी तर ऑफिसात काचेशेजारी बसतो, उन्हात जातच नाही. मग मला का?

साध्या काचेतून यूव्हीबी जवळपास अडतं, यूव्हीए बरंचसं आत येतं, आणि प्रश्न 10 मध्ये सांगितलं तसं गडबड यूव्हीएचीच असते. गाडीचं तसंच, पुढची काच दोन थरांची असते ती बरंच अडवते, बाजूच्या खिडक्या तेवढं अडवत नाहीत. अंबडहून मुंबईला रोज गाडी नेणारे एकजण, त्यांच्या फक्त उजव्या हाताला पुरळ, कारण तो खिडकीकडचा हात. ऑफिसात जागा बदला किंवा जाड पडदा लावा. गाडीत पूर्ण बाही सगळ्यात स्वस्त, फिल्म लावायची तर आधी आरटीओचा नियम बघा.

13. ढग असताना, किंवा रामकुंडावर पाण्यात उभं राहिल्यावर तरी ऊन लागत नाही ना?

लागतं. पातळ ढगांतून बरंच यूव्ही खाली येतं. गोदावरीत कंबरभर पाण्यात उभे असाल तर पाण्याखालचं अंगही पूर्ण सुरक्षित नाही आणि वरचं तर उघडंच. 2027 च्या सिंहस्थाला घाटावर ड्युटी किंवा सेवा करणार असाल तर पावसातल्या मधल्या उघडिपीसाठीही तयारी ठेवा. चैत्रात वणीला पायी जाणाऱ्यांना मात्र खास सांगते, चालणं पहाटे आणि संध्याकाळी ठेवा आणि पूर्ण बाही घाला. बर्फात फिरायला जाणार असाल तर खालून परावर्तित होऊन दुप्पट मारा बसतो, मनाली-लडाखच्या आधी डॉक्टरना भेटा.

14. उन्हानेच होतं तर डॉक्टर लाइट ट्रीटमेंट कशी काय सांगतात? वेड्यासारखं वाटतं.

प्रश्न 4 मधलं हार्डनिंग आठवा, तेच मोजूनमापून करायचं. सीझनच्या आधी, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या आसपास, नॅरोबँड यूव्हीबीच्या मशीनमध्ये आठवड्यातून दोन-तीन वेळा, अगदी थोड्या वेळापासून सुरू करून पाच-सहा आठवडे. मध्ये थोडं पुरळ येऊ शकतं, ते डॉक्टर सांभाळून घेतात. त्यानंतर अधूनमधून थोडं थोडं ऊन घेत राहावं लागतं, पूर्ण घरात बसलात तर कमावलेली सवय काही आठवड्यांत जाते. आणि पुढच्या वर्षी पुन्हा. ज्यांचा दर उन्हाळा खराब जातो त्यांच्यासाठी आहे, वर्षातून एकदा हातावर चार दाणे येणाऱ्यांसाठी नाही. गच्चीवर जाऊन स्वतःच्या मनाने हा प्रयोग करू नका.

15. मला मलेरियाची गोळी लिहून दिलीय, चुकून तर नाही ना?

चुकून नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन त्रास जास्त असणाऱ्यांना सीझनपुरती देतात, कोविडमध्ये नाव सगळ्यांनी ऐकलं तीच. वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला डोळे तपासायचे आणि लांब चालली तर पुढेही. डोस वजनावर असतो, बहिणीची गोळी बहिणीलाच.

16. आमचं काम द्राक्षबागेतलं आहे. ऊन टाळा म्हणता, पण टाळायचं कसं?

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून हा प्रश्न येतो आणि "उन्हात जाऊ नका" हे उत्तर इथे निरर्थक आहे. खरड छाटणी नेमकी एप्रिलात, काढल्यावर मांडव उघडा पडतो, डोक्यावर सावली शून्य आणि हात वर करून काम. उन्हाळ कांदा काढणारे तर पूर्ण वावरात, मान खाली, म्हणजे मानेचा मागचा भाग दिवसभर उन्हात.

जमण्यासारखं सांगते. काम उजाडताच सुरू करून अकराच्या आत मुख्य भाग उरकणं आणि राहिलेलं चारनंतर, हे मुकादमाशी बोलून बऱ्याच टोळ्यांत होतं. नवऱ्याचा जुना जाड पूर्ण बाहीचा शर्ट साडीवरून, तो तर बायका घालतातच, त्याची कॉलर उभी ठेवा आणि वरून पदर किंवा रुमाल मानेवर येईल असा घ्या. हात वर केल्यावर बाही खाली येते म्हणून मनगटाला रबर किंवा जुन्या मोज्याची पट्टी. सनस्क्रीन फक्त उरलेल्या उघड्या जागेला लावायचं, म्हणजे खर्च झेपतो. पहिल्याच आठवड्यात पूर्ण दिवस बागेत न घालता रोज थोडा वेळ वाढवता आला तर फार फरक पडतो. मजुरी बुडते हे माहितीये, म्हणून डॉक्टरना काम काय आहे हे आधीच सांगा, त्यावर औषध ठरतं.

बागेत फवारणीनंतर खाज येत असेल तर ते वेगळं, औषधाची ॲलर्जी असू शकते, कोणतं फवारलं ते नाव लिहून न्या.

17. वडील साठीचे आहेत, शेती करतात. उन्हाची खाज आता वर्षभर राहते, कातडी जाड आणि काळी पडलीय. हेच का?

हे बहुधा पीएमएलई नाही. साठीचा पुरुष, शेतीकाम, बारमाही त्रास, जाड झालेली कातडी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय गाजर गवतावर, म्हणजे काँग्रेस गवत, चटकचांदणी. 1955 च्या सुमारास भारतात पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. त्याचे बारीक कण हवेतून येऊन कातडीवर बसतात, म्हणून सुरुवातीला पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचा आतला भाग इथे पुरळ येतं, म्हणजे प्रश्न 2 मधल्या खुणांच्या उलट, जिथे ऊन पोचत नाही तिथेही. पुढे पुढे काहींना गवताबरोबर उन्हाचीही ॲलर्जी जडते आणि त्याला क्रॉनिक ॲक्टिनिक डर्मटायटिस म्हणतात.

पाठीवर पॅच टेस्ट करून गवताची ॲलर्जी कळते. उपचारात ॲझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागतात, त्यात रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. हा आजार लांबतो. स्कॉटलंडमधल्या पेशंटवरून काढलेला अंदाज असा की पाच वर्षांत दहातला एक, दहा वर्षांत पाचातला एक आणि पंधरा वर्षांत दोघांतला एक बरा होतो. म्हणजे संपतो, पण घाई करत नाही. वडिलांना गवत उपटायला पाठवू नका, जाळायला तर नाहीच. दुसऱ्या कुणीतरी फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून काढायचं.

18. मला तर उन्हात गेल्या गेल्या दहा मिनिटांत गांधी उठतात आणि तासा-दोन तासांत गायब. हे काय?

हा वेगळा प्रकार, सोलर अर्टिकेरिया, म्हणजे उन्हाने उठणारं पित्त. यात घड्याळ बघणं महत्त्वाचं, मिनिटांत उठणं आणि चोवीस तासांच्या आत जाणं. मोठ्या भागावर एकदम उठलं तर चक्कर, धाप लागू शकते, तसं कधी झालं असेल तर डॉक्टरना पहिलं ते सांगा. वर्षानुवर्षं राहू शकतं, पण ॲलर्जीच्या गोळ्यांचा उपयोग पीएमएलईपेक्षा यात जास्त होतो.

19. वेल्डिंगचं काम करतो सातपूरला, शिफ्ट रात्रीची. तरी पुरळ?

वेल्डिंगच्या आर्कमधून जोरदार यूव्ही निघतं, सूर्य मावळला तरी तुमचा सूर्य हातात आहे. मास्क असतो पण गळ्याचा व्ही उघडा राहतो. लेदर ॲप्रन गळ्यापर्यंत, पूर्ण हातमोजे. शेजारी उभ्या हेल्परलाही हेच.

20. मुलगा दहा वर्षांचा आहे, क्रिकेट खेळून आला की कानाच्या कडेवर फोड येतात. आणि मुलीच्या गालावर-हातावर पांढरे डाग आलेत, कोड तर नाही ना?

मुलाचं आधी. केस बारीक कापलेल्या मुलांना वसंतात कानाच्या कडेला असे दाणे-फोड येतात, पीएमएलईचाच भाऊबंद. टोपी मोठ्या कडेची द्या, क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी कान झाकत नाही.

मुलीच्या बाबतीत, आपल्या रंगाच्या कातडीवर उन्हाचं पुरळ कधी कधी फिकट ठिपक्यांच्याच रूपात येतं. कोड दुधासारखा पूर्ण पांढरा असतो, खाजत नाही, कड स्पष्ट असते. हे फिकट, किंचित खडबडीत, खाजरे असतात आणि काही महिन्यांत रंग परत येतो. तरी एकदा दाखवा, कारण घरातल्यांच्या डोक्यात "कोड" शब्द बसला की पोरीला नको ते ऐकावं लागतं. आणि कोड समजून कुणी बावची लावायला दिली तर लावू नका, तिने कातडी उन्हाला आणखी संवेदनशील होते.

पुढच्या दोनपैकी एकही गोष्ट असेल तर लहान मुलाला लगेच दाखवा. एक, खाज नाही पण उन्हात काही मिनिटांत आग आग होऊन मूल रडतं, हात गार पाण्यात घालतं. दुसरी, फोड जाताना खड्डे-व्रण ठेवतात, किंवा खालचा ओठ आणि डोळेही चिघळतात आणि हिवाळ्यातही जात नाही. हे दुर्मिळ पण वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

21. एखाद्या औषधामुळे असं होऊ शकतं का?

हो, आणि हे फार जण विसरतात. डॉक्सीसायक्लिन, बीपीच्या काही गोळ्यांमधलं हायड्रोक्लोरोथायाझाइड, नॅप्रोक्सेन, दुखण्यावर चोळायचं कीटोप्रोफेन जेल, काही अँटिबायोटिक्स, हृदयाचं ॲमिओडॅरोन. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उन्हाचं पुरळ आलं असेल तर गोळ्यांची पिशवीच घेऊन या. बीपीची गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, बदलून मिळते.

22. वांगं, शेंगदाणे, आंबा बंद करू का? आणि ऊन टाळलं तर व्हिटॅमिन डीचं काय?

आंबा खा. खाण्याचा याच्याशी संबंध नाही. डी मात्र खरंच कमी होऊ शकतं, तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे पावडर घ्या. साठ हजार युनिटची ती पाकिटं लोक आठवड्याला एक करत वर्षभर घेतात, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

23. लग्न ठरतंय, सांगावं का? पुढे गरोदरपणात औषधांचं काय, बाळाला होईल का?

सांगा, लपवण्यासारखं काही नाही, शिवाय मार्चमध्ये दिसणारच आहे. मुलांना कल असू शकतो, होईलच असं नाही. गरोदरपणात कपडा, सावली, झिंकवालं सनस्क्रीन, कॅलामाइन चालतं. पोटातल्या गोळ्या चालू असतील तर बाळाचा विचार करायच्या आधीच डॉक्टरशी बोला, दिवस गेल्यावर नाही.

24. कपड्याखालीही येतं आणि उन्हाळा नसतानाही. तरी डॉक्टर पीएमएलईच म्हणतायत.

कपडा पातळ असेल तर खालीही येऊ शकतं (प्रश्न 11), आणि काचेमागे बसून डिसेंबरातही होऊ शकतं (प्रश्न 12). हे दोन्ही तपासून पाहिलं, तरी पुरळ दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकतंय, व्रण ठेवतंय किंवा उन्हाशी त्याचा ताळमेळ लागत नाहीये, तर दुसरं मत घ्या. आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचारोग विभाग आहे. जाताना प्रश्न 7 मधले फोटो, जुने केसपेपर आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूब न्या, रिकाम्यासुद्धा. आणि तपासणीच्या आधी निदान काही दिवस स्टेरॉइड क्रीम लावू नका, नाहीतर पुरळाचं खरं रूप डॉक्टरना दिसतच नाही.